शोभाताईंचा तोल

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. सुमन गेल्या उन्हाळ्यात गेली, म्हणजे आता तिला सांगायची वेळही गेली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

धायरीत मी बायकांना स्कूटर शिकवायचो. सगळ्या मला सर म्हणायच्या. सातवी नापास माणसाला सर! सुमनचा एक नियम होता — जिला सायकल येत नाही तिला गाडीवर बसवायचं नाही. आधी मैदानावर सुमन तिला सायकल शिकवणार, तोल आला की मग माझ्याकडे. किती का दिवस लागेनात.

खरंच होतं ते. पायाच नसलेलं माणूस शिकायला आलं तर शिकवणाऱ्यानं काय करावं? तोंडावर सांगावं, बाई, आत्ता नाही. नाहीतर बसून आधी पाया घालून द्यावा. तिसरी वाट नसते. मी काढली.

शोभाताई वऱ्हाडातून आलेल्या, पन्नाशीच्या. कर्वेनगरला कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे पोचवायच्या, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, बसमध्ये उभ्यानं. सायकल कधी शिवलेली नाही. मी म्हटलं, मग आधी आमच्या हिच्याकडे जा.

“सर, सायकलीवर नका बसवू जी. पोट्टे हासतात मले.”

मैदानावरची पोरं हसायची, हे खरं. पण मी ऐकलं ते दया आली म्हणून का? — नाही. नियम सुमनचा, पाटी माझी. तिच्याशिवाय माझं अडतं, हे मला सलायचं. म्हटलं, बसा गाडीवर, मी आहे ना.

आणि होतोच मी. मागे बसायचो, दोन्ही पाय खाली सोडून. गाडी कलली की माझा पाय टेकायचा, हँडल वळलं की माझा हात पुढे जायचा. शोभाताईंना वाटायचं, आपण चालवतोय. खूश होऊन ओरडायच्या, “जमलं ना सर?” मी म्हणायचो, जमलं. रोज म्हणायचो. तोल सगळा माझ्या पायांत होता हो! त्यांच्या अंगात काहीच उतरलं नव्हतं. ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मग शेवटपर्यंत गप्प का बसलो? इतके दिवस ‘जमलं’ म्हटल्यावर ‘नाही जमलं’ कुठल्या तोंडानं म्हणणार?

शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, “आता एकटी जाऊ?” नाही म्हणायला हवं होतं. तरी उतरलो. म्हटलं, जा.

सरळ गेल्या थोड्या. वळणावर गाडी आडवी झाली ती त्यांच्या गुडघ्यावर. मी पळत गेलो, माणसं जमली. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? पाणी आणा? रिक्षा थांबवा? नाही.

“पुढचा ब्रेक कशाला दाबलात?”

त्यांनी ब्रेक दाबलाच नव्हता. मी बघत होतो की! दोन्ही मुठी नुसत्या आवळलेल्या, बोटं ब्रेकला लागलीसुद्धा नव्हती. पण त्या कळवळत म्हणाल्या, “चुकलं जी सर.” आणि मी त्यांना चुकू दिलं.

घरी सुमननं एवढंच विचारलं, “अहो, सायकल येत होती ना त्यांना?”

“हो,” म्हटलं.

सुमननं विश्वास ठेवला. शोभाताईंचा पाय प्लास्टरमध्ये होता तोवर ही रोज त्यांच्याकडे जायची, भाजी निवडून द्यायची, आणि वर समजवायची, “पुढचा ब्रेक एकदम दाबू नये हो ताई.” माझं खोटं तिच्या तोंडून जात होतं. मी ऐकत होतो. कधी कधी तर मीच सोडायला जायचो तिला.

शोभाताईंचा गुडघा नीट जुळला नाही. डबे बंद झाले. रस्त्यात दिसल्या की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो — आता सांगतील, आता विचारतील, सर, खरं काय झालं होतं? त्यांनी कधीच विचारलं नाही. त्यांना शंकाच नव्हती.

सुमनच्या दहाव्यानंतर त्या भेटायला आल्या. आमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. धापा टाकत टेकल्या. घरात नातेवाईक होते, त्यांच्यादेखत म्हणाल्या, “वहिनींनी लई केलं माझं. सरांनी तर इतकं चांगलं शिकवलं होतं, पण माझ्या हातालेच अक्कल नाही. सून म्हणते गाडी शिकते. मी नाहीच म्हणलं. आपल्या घरच्या बाईचं ते काम नाही.”

सगळे माझ्याकडे बघत होते. हीच वेळ होती. सुमनचा फोटो भिंतीला टेकवलेला, शोभाताई समोर — तोंड उघडलं मी. म्हटलं, “चहा घ्या.”

चहा पिऊन त्या उठल्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागल्या. मी वर दारात उभा होतो.

“सावकाश,” एवढंच म्हणालो.