माउलीच्या गालावरची खिडकी

माझी बायको सुमन एका मंगळवारी सकाळी वारली. तेराव्यानंतर मी कामावर गेलो. साहेबांनी फाइल पुढे सरकवली. "तारापूरला जाऊन या. जुनं चर्च आहे. जरा बदल होईल."

जुनी चित्रं, मूर्ती साफ करून टिकवणं हा माझा पेशा. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. बोईसर स्टेशनवर टांगेवाल्याने मला इंजिनीअर समजून थेट साइटच्या रस्त्याला घातलं. चर्च म्हटल्यावर वळला.

खाडीकाठचं ते चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं. बाहेरून नुसता चुना. आतली वेदी मात्र बरोक शैलीची, म्हणजे सरळ रेघ कुठेच नाही. खांबांना दोरखंडासारखा पीळ, त्यांवर द्राक्षवेली, ढगांतून डोकावणारे गुबगुबीत देवदूत, आणि सगळ्यावर सोन्याचा वर्ख. मधोमध मेरीची लाकडी मूर्ती. तिचा चेहरा काळा कुळकुळीत. मेणबत्त्यांची काजळी आणि खोबरेल. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सोडण्याआधी कोळणी तिच्या गालांना तेल लावत. त्या हिंदू होत्या. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

साफसफाईआधी आम्ही 'विंडो' उघडतो. म्हणजे एक छोटा चौकोन पुसून खाली काय आहे ते बघतो. तो मागच्या बाजूला, दिसणार नाही असा.

"मागे कशाला? गालावर करा," फादर म्हणाले. "बिशप येतायत. त्यांना दिसलं पाहिजे."

"गाल नको, फादर."

"चर्च माझं आहे ना?"

मी कापसाचा बोळा द्रावणात बुडवला. डोळ्याखाली टिकलीच्या पाकिटाएवढा गुलाबी चौकोन निघाला. रंग शाबूत होता. फादर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळणी तेल घेऊन आल्या. पुढे हिराबाई. तिचा मुलगा यंदा पहिल्यांदाच बोटीवर जाणार होता. ती वर बघून थबकली.

"आगं बया! माउलीला कोड उठलं!"

"कोड नाही, आजी. हाच तिचा खरा रंग. सगळा चेहरा तसाच होईल."

"मंग ती आमची कशी? आमी काल्या, ती काली. गोऱ्या मडमेला तेल लावून पोराला दर्यात धाडू? नाय जमायचा."

"बाई, हा मळ आहे मळ," फादर म्हणाले.

"तुमी गप बसा, फादर. हा मल आमच्या सासवांच्या हातचा हाय." मग माझ्याकडे वळून, "बायको हाय तुला?"

"होती. गेल्या महिन्यात गेली."

तिचा आवाज उतरला. "तिचा फोटो असंल. तो कोनी घासून गोरापान करून दिला, तं घेशील?"

मी पेटी उघडली. निघालेली काजळी परत चढवता येत नाही. पण चौकोनावर जलरंग देता येतो. पुढेमागे ओल्या कापसाने निघतो, म्हणून आमच्या कामात तो चालतो. दुपारपर्यंत काळ्याशी काळा जुळवत बसलो. हिराबाई मागे उभी राहून सांगत होती, "आजून काला. आजून."

फादरनी तक्रार केली. साहेबांनी रिपोर्ट मागवला. मी लिहिलं: वर्ख साफ करावा, चेहरा जसा आहे तसा ठेवावा. बऱ्याच कुरकुरीनंतर ते मान्य झालं. त्यानंतर कुणाच्याही सांगण्यावरून मी दर्शनी भागावर विंडो उघडली नाही. मूर्तीचा मालक एकच असतो असं फक्त फाइलवरून वाटतं.

बोटी ठरल्या दिवशी गेल्या, हिराबाईचा मुलगाही.

वेदीचा वर्ख आता पुन्हा काळवंडलाय. माउलीचा चेहरा काळाच आहे. जलरंगावर इतक्या वर्षांचं तेल बसलंय, की चौकोन कुठे होता ते मलाही सापडत नाही.