एकमेकांचे लिफाफे

रंगनाथराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या रिपोर्टचा लिफाफा घेऊन लॅबचा जिना उतरत होतो. तो लिफाफा नंतर पाच आठवडे कपाटात तसाच पडून राहिला. माझा लिफाफा फोडायचं काम त्यांचं होतं.

सिडकोत आमची घरं समोरासमोर. ते मूळचे देवगाव रंगारीचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, मी शाळामास्तर. प्रोस्टेटचा कॅन्सर दोघांनाही एकाच हिवाळ्यात निघाला. डॉक्टर तेच, दर तीन महिन्यांचं हार्मोनचं इंजेक्शन तेच, जायची रिक्षाही एकच. त्या इंजेक्शननं अंगातून गरम वाफा निघायच्या. भर थंडीत रंगनाथराव नुसत्या बनियनवर ओट्यावर बसून पेपरानं वारा घ्यायचे आणि सुलोचनावहिनी आतून म्हणायच्या, पन्नाशीत मला असंच व्हायचं तेव्हा नखरे म्हणत होतात ना, आता घ्या. किती हसलो आम्ही त्या ओट्यावर...

आपला आकडा आपणच बघायची छाती दोघांचीही नव्हती. म्हणून त्यांचा रिपोर्ट मी वाचायचा आणि माझा त्यांनी, असं ठरलं. रक्तातल्या पीएसएचा आकडा खाली, म्हणजे आजार आवाक्यात. पहिलं वर्ष दोघांचेही आकडे खाली राहिले. मग एका संध्याकाळी त्यांचा कागद उघडला, तर आकडा चौपट. मी बेधडक मागच्या वेळचाच आकडा वाचून दाखवला. ते बरं म्हणाले, कागदाची घडी खिशात घातली आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध बदललं. इंजेक्शन एकच असून असं का, असं मी जरा तावातावानंच विचारलं. ही गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते, डॉक्टर म्हणाले. आपण तो पुरवठा तोडतो. कुणाच्या पेशी वर्षानुवर्षं गप्प बसतात, कुणाच्या त्याच्यावाचूनही वाढायला शिकतात. आधी नेमकं सांगता येत नाही. माझं समाधान झालं नाही. रिक्षात रंगनाथरावच मला समजावू लागले.

"एकाच लॉटची दोन इंजिनं, सर. तेल बी तेच. एक लई वर्षं चालतं, एक मधीच धूर टाकतं. त्यात तेलाचा दोष नाय." मग म्हणाले, "काल वाचताना तुमचा हात हलत व्हता. पुढच्या बारीला खरं वाचा."

मग खरा आकडाच वाचत गेलो. दर खेपेला वाढलेला. माझा आकडा मात्र तळाशीच, आणि मला त्याची लाज वाटायची. शेवटच्या भेटीत त्यांनी खाटेवरूनच हात पुढं केला, माझा लिफाफा फोडून आकडा वाचला आणि खुलले.

"लाजता काय, सर? एक तरी गाडी रोडवर राहू द्या."

परवा तो कपाटातला लिफाफा घेऊन मी समोर गेलो. वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला. खिडकीत रंगनाथरावांचा चष्मा होता, काडीला दोरा गुंडाळलेला. तो पदरानं पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि लिफाफा फोडला.

"कमीच हाय, भाऊजी."

मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. हात हलत नव्हता.