अहवाल मागे घेणाऱ्या लोबोबाई

लोबोबाईंची आणि माझी पहिली भेट तशी भांडणातच झाली. मी तेव्हा कुडाळच्या एका दुकानात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या बसवायचं काम करत होतो. मालवणजवळ मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या शेडवर बाईंच्या संस्थेने सौर पॅनेल बसवले होते. आतले पंखे बंद पडले म्हणून मालकांनी मला पाठवलं. मी एक नजर टाकली आणि बायकांना सांगून मोकळा झालो, "बॅटऱ्यो गेल्यो. नवीन घेवच्यो लागतल्यो."

"मापलंस?" मागून आवाज आला.

मापलं नव्हतं. सुती साडीतल्या एक बाई हात पुढे करून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडून मीटर घेतला आणि बायकांच्या देखत एकेक जोड तपासला. खाऱ्या हवेने एक सांधा खाल्ला होता. बॅटऱ्या ठणठणीत होत्या. मी शरमून सामान आवरू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "माणूस चुकता रे. पण ह्या बायकांका तू खोटा सांगलंस, आणि तुका ता खोटा आसा ह्याची खबरसुद्धा नाय." महिन्याभरात मी दुकान सोडून त्यांच्या संस्थेत दाखल झालो.

सेलिन लोबोबाईंनी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. देवगड-जामसंड्यापासून मालवणपर्यंत त्यांचे विद्यार्थी आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी आमची संस्था उभी केली. मासळीच्या शेडी, वाडीचे सामाईक पाणीपंप, पॅनेलची दुरुस्ती शिकलेल्या मुली, हे सगळं या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलं असेलच. बाईंचा एकच आग्रह असे. कोळशाच्या जागी सूर्य आला, तरी शेवटच्या घराला शेवटीच वीज मिळणार असेल, तर बदललं काय? हे वाक्य मी अनेक व्याख्यानांतून ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला कळला तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त तेच लिहायचं मी ठरवलं आहे. लिहिण्यापूर्वी बाईंची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, "लिही. फक्त माका देवी करू नको."

गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली जखम अजून ओली आहे. त्या गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर, मोठा सौर प्रकल्प येणार होता. गावाला तो हवा होता. पोरांना नोकऱ्या लागतील, गोव्याला जावं लागणार नाही, अशी आशा होती. बाईंनाही तो हवा होता. लोकांचं म्हणणं नोंदवून अहवाल देण्याचं काम आमच्या संस्थेकडे आलं आणि बाईंनी ते माझ्यावर सोपवलं.

मी सड्याखालच्या चारही वाड्या पायाखाली घातल्या. पाचवी, धनगरवाडी, सड्याच्या पलीकडच्या टोकाला होती. तिथे जायला गाडीवाट नव्हती आणि कंपनीची घाई होती. ग्रामपंचायतीत विचारलं, तर सांगण्यात आलं, "ती मानसां येवन-जावन आसतत." मी अहवालात लिहिलं: हंगामी वस्ती. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

ग्रामसभेच्या आदल्या सकाळी बाईंनी अहवाल पुन्हा वाचला आणि विचारलं, "हंगामी म्हणजे कुठल्या हंगामात?"

पंचायतीत तसं सांगितलं, असं मी म्हणालो.

"वर गेलो होतंस?"

बाईंनी चपला घातल्या आणि छत्री घेतली. "चल," एवढंच म्हणाल्या. तो चढ आम्ही पायी चढलो. मध्ये दोनदा त्या कातळावर टेकल्या. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

वर अकरा घरं होती. शेणाने सारवलेली अंगणं, गोठे, परसात केळी. उच्च दाबाची तार वस्तीच्या थेट डोक्यावरून गेलेली होती. बायजा नावाची एक बाई गोठ्यातून बाहेर आली. बाईंनी तिला सरळ सांगितलं की कागदावर तुम्हाला हंगामी लिहिलंय.

"हंगामी?" बायजाने शेण लागलेले हात तसेच धरून आमच्याकडे पाहिलं. "माजी सासू थंय त्या दगडाखाली आसा. ती पण हंगामी काय? लाईन आमच्या डोक्यावरसून गेली, घरात बल्ब नाय. आता ह्या जागेर वीज करतले, आणि आमी जावचा खंय?"

बाईंनी तिची माफी मागितली. मग वस्तीच्या खालच्या अंगाला असलेला झरा त्यांनी पाहून घेतला. सड्यात मुरलेलं पाणी तिथे निघत होतं आणि खालच्या दोन वाड्या तेच पीत होत्या. आमच्या अहवालात त्याचाही उल्लेख नव्हता. उतरताना त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "उद्या सभेत काय सांगायचं, ते मी बघते. तू फक्त ये."

दुसऱ्या दिवशी शाळेचा हॉल खच्चून भरला होता. खिडक्यांतून माणसं डोकावत होती. कंपनीचे अधिकारी पहिल्या रांगेत बसले होते. प्रकल्पाला संमती देणारा ठराव वाचायला सुरुवात होणार, तोच व्यासपीठावर बाई उभ्या राहिल्या. "आमच्या संस्थेचा अहवाल चुकीचा आहे. मी तो मागे घेते. त्याच्या आधारावर आज ठराव करू नका."

हॉल उसळला.

"बाई, तुमीच आमका सांगलास, सूर्याची वीज बरी म्हणान!"

"अजूनही तेच सांगते."

"तुमची मानसां गोंयात, मुंबयत सेटल झाली. आमची पोरां खंय जातली?" हा सदानंद होता, बाईंचाच विद्यार्थी. त्याचे दोन्ही मुलगे नोकरीच्या आशेवर थांबले होते. कोणीतरी बाक आपटला. कोणी ओरडलं, "हेंका भायर काढा!" दोघे-तिघे व्यासपीठाकडे सरकले. बाईंबरोबर आलेल्या मासळीच्या शेडमधल्या बायका उठून बाईंच्या भोवती उभ्या राहिल्या.

कंपनीच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "मॅडम, ही पाहणी केली कोणी?"

बाईंनी नुसतं नाव घेतलं असतं, तर सगळा राग माझ्याकडे वळला असता, आणि तो वळायलाच हवा होता.

"सही माझी आहे," बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा मी उभा होतो. कसा उठलो ते आठवत नाही. "पाहणी मी केली. धनगरवाडीत मी गेलोच नाय. ऐकीव लिहिलं." माझ्या दिशेने काहीतरी भिरकावलं गेलं आणि कानाजवळून निघून गेलं. सरपंचांनी सभा तहकूब केली.

पुढचे महिने वाईट होते. शेडवरचे पॅनेल कोणीतरी दगडांनी फोडले. संस्थेला मदत करणाऱ्यांपैकी एका मोठ्या देणगीदाराने हात काढून घेतला आणि दुरुस्ती शिकवणारी आमची दोन केंद्रं बंद पडली. बाजारात बाईंना पाहून ओळखीची माणसं रस्ता ओलांडत. मी राजीनामा लिहून दिला आणि वालावलला घरी जाऊन बसलो. आठवड्याने बाई एसटीने आमच्या घरी आल्या. आईने केलेले घावणे त्यांनी खाल्ले, अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांशी गप्पा मारल्या. निघताना मला म्हणाल्या, "तुझो राजीनामो मी वाचूक नाय. सोमवारी वर जावचा आसा. झऱ्याचा पाणी मापूचा आसा, आणि ता काम तुका येता."

मी गेलो. आम्ही झरा मापला, घरं मोजली, गुरांच्या वाटा नकाशावर घेतल्या. मग बाई तोच नकाशा घेऊन विरोधकांच्या घरी फिरल्या. सदानंदच्या घरी त्या तीनदा गेल्या. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने उघडलं आणि ती बाईंना आत घेऊन नकाशा बघत बसली, कारण पाणी भरायला त्या झऱ्यावर तीच जात होती. गावाच्या खालच्या अंगाला जांभ्या दगडाचे चिरे काढून ओसाड टाकलेल्या खाणी होत्या. प्रकल्प तिथे न्यावा, वस्ती, चराई आणि झरा मोकळा ठेवावा, पहिली जोडणी धनगरवाडीला द्यावी, असा नवा अहवाल झाला. तो ग्रामसभेत मंजूर झाला. कंपनीने पुष्कळ घासाघीस केली आणि अखेर मान्य केलं.

सगळं गोड झालं, असं मी लिहिणार नाही. प्रकल्प लहान झाला, तशा नोकऱ्याही कमी झाल्या. सदानंदचा एक मुलगा आमच्याकडे दुरुस्ती शिकून तिथे लागला. दुसरा गोव्याला गेला. सदानंद अजून बाईंशी बोलत नाही. बाई म्हणतात, "त्याचा बरोबर आसा. त्याका आशा आमच्याच कागदान दाखयली होती." धनगरवाडीत वीज आली, तेव्हा आम्ही समारंभ करायचं ठरवत होतो. बाईंनी नको म्हटलं. त्यांचं येणं होतं ते त्यांना मिळालं, त्यात आपला सत्कार कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा सत्कारही त्यांनी दोनदा नाकारला. शेवटी होकार दिला तो एका अटीवर, की भाषणं लहान असावीत, कारण दुसऱ्या एका सड्यासाठी सुनावणी तोंडावर आली आहे. त्या सुनावणीपायी त्यांनी गुडघ्याचं ऑपरेशनही पुढे ढकललं आहे.

म्हणून या लेखाच्या शेवटी मी बाईंपुढे एक विनंती ठेवतो. बाई, ऑपरेशन आधी करून घ्या. या वेळच्या अहवालावर मी सही केली आहे. प्रत्येक घराच्या अंगणात जाऊन आलोय. सुनावणीत प्रश्न मला विचारतील, आणि मी उभा राहीन. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागताना आमचा स्वार्थ लपवत नाही. अजून पुष्कळ सडे आहेत, आमच्याकडून चुकाही होतील. तेव्हा आम्हाला खडसावायला तुम्ही हव्यात, बाई, दोन्ही पायांवर उभ्या.