ऑटमार मिस्त्रीच्या गाडीतला फ्रिज

जर्मनीतल्या लिपश्टाट गावात ऑटमार ब्रिंकशुल्टेला सगळे मिस्त्री म्हणतात. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या आणि एकाही घरात पाणी तुंबलं नाही, हे तो कुणी न विचारताही सांगतो. निवृत्त झाला तरी सपाटी मोजायची छोटी पाणसळ कायम खिशात. शेजाऱ्याकडे केक खायला गेला तरी आधी टेबल सरळ आहे का ते बघणार. त्याची बायको रोस्विटा सांगते, लग्नात पाद्री बोलत होता तेव्हा हा माणूस वेदीच्या पायऱ्या न्याहाळत होता. ऑटमार ते नाकारत नाही. पायऱ्या तिरक्याच होत्या.

त्याच्याकडे एकोणऐंशी सालची कॅम्पर गाडी आहे. आत दोघांपुरतं अंथरूण, एक ओटा, बेसिन, आणि ओट्याखाली गॅसवर चालणारा, गाडीबरोबर आलेला फ्रिज. जुन्या गाड्यांच्या मंडळात अशा मूळ वस्तूला फार मान. अध्यक्ष डेटलेफ तर कुणी नवा स्क्रू लावला तरी तोंड वाकडं करतो, आणि ऑटमार त्याच्याहून सोवळा. मागच्या साली एकानं गाडीत बॅटरीवरचा नवा फ्रिज बसवला, तेव्हा "मग गाडी कशाला, घरीच बस की," असं चारचौघांत यानंच ऐकवलं होतं. आता ते आठवलं की त्याला स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

कारण त्याचा मूळ फ्रिज गेली बावीस वर्षं लहरी होता. दूध कोमट, लोणी पातळ, बिअर तर विचारूच नका. ऑटमारनं दोष वाटून टाकले होते: थोडा हवेचा, थोडा गॅसचा, आणि उरलेला सगळा सारखं दार उघडणाऱ्या रोस्विटाचा. ती बिचारी कोमट दूध कॉफीत घालत राहिली. पण या वर्षी डॉक्टरांनी तिला इन्सुलिन सुरू केलं, आणि तिनं सांगून टाकलं.

"पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुट्टीत समुद्रावर तू गाडीनं जा. मी रेल्वेनं रोस्टॉकला बहिणीकडे जाते. औषध काही मला तुझ्या फ्रिजमध्ये नासवायचं नाही."

"मी दुरुस्त करतो म्हटलं ना."

"दोन हजार तीनपासून म्हणतोयस."

ऑटमार घाबरला. लग्न झाल्यापासून दोघं सुट्टीवर कधी वेगळे गेले नव्हते. तिच्याशिवाय समुद्रासमोर खुर्ची टाकून नेमकं करायचं काय, हे त्याला सुचेना. पण हे बायकोला सांगण्यापेक्षा हत्यारांची पेटी काढणं सोपं होतं.

डेटलेफनं उपाय सांगितला. "उलटा करून ठेव, मिस्त्री. खाली डोकं वर पाय, एक अख्खा दिवस. आतलं रसायन बसलेलं असतं, ते सुटतं."

मंडळातले सगळे हाच उपाय करतात. ऑटमारनं बोटाचं सालटं काढून घेत फ्रिज बाहेर ओढला, गॅरेजमध्ये दिवसभर उलटा ठेवला, दुसऱ्या दिवशी सुलटा केला आणि तिसऱ्या दिवशी पेटवला. संध्याकाळी आतल्या तापमापकाचा काटा चार अंशांवर. त्यानं रोस्विटाला हाताला धरून आणलं. तिनं आत हात घातला आणि "हं" म्हणाली. आमच्या भागात याहून मोठं कौतुक होत नाही.

मग त्यानं फ्रिज गाडीत बसवला, आणि काटा चौदावर गेला. बाहेर काढला, चार. परत आत, पंधरा. असं तीनदा झालं.

"फ्रिजला तुझी गाडी आवडत नाही," डेटलेफ म्हणाला.

असला फ्रिज सपाट उभा असेल तरच थंड करतो, हे त्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. ऑटमारला ते पान पाठ होतं. म्हणून तर तो जिथे थांबेल तिथे ओट्यावर पाणसळ ठेवायचा आणि चाकांखाली पाचरी सारून बुडबुडा मधोमध आणायचा. आताही बुडबुडा मधोमधच होता. तो त्यानं रोस्विटाला दाखवला.

"बघ. गाडी सरळ आहे."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "गाडी नुसती घराच्या दारात उभी असते तेव्हा ओट्यावर अंडं ठेवलं की गडगडत बेसिनमध्ये जातं. तू गाडी सरळ केलीस की अंडं थांबतं आणि मी घसरायला लागते."

"कुठे घसरतेस?"

"तुझ्या अंगावर. रात्रभर. लक्षात नाही आलं कधी?"

लक्षात आलं होतं. ऑटमार बावीस वर्षं त्याला प्रेम समजत होता.

तो ओट्याकडे बघत उभा राहिला. मूळ ओटा कुजला म्हणून हा त्यानंच दोन हजार तीन साली केला होता, आणि हाताला न्हाणीघरांची सवय, म्हणून पाणी बेसिनकडे वाहावं असा दोन बोटं ढाळ काढला होता. मग दर मुक्कामी हा तिरका ओटा सरळ करायला तो सगळी गाडीच तिरकी करत होता. फ्रिजसकट, बायकोसकट. त्यानं पाचरी काढल्या आणि पाणसळ गाडीच्या जमिनीवर ठेवून नव्यानं माप घेतलं. संध्याकाळी काटा चारवर.

तो इतका हसला की पायरीवर बसावं लागलं. मग स्वतःच डेटलेफकडे जाऊन सगळं सांगून आला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यात चुका राहिल्या असत्या.

परत येऊन तो पुन्हा पायरीवर बसला, पण आता हसू येईना. बावीस वर्षं तिनं कोमट दूध प्यायलं, वर दार उघडण्यावरून बोलणीही खाल्ली, याची त्याला लाज वाटली. आणि समुद्र लांब. वाटेत उतारावरचे थांबे, कधी घाई, कधी आपला नेहमीचा ताठा. दूध नासलं तर ओतून देता येतं, इन्सुलिनचं तसं नाही. सकाळी उठून त्यानं कसाही उभा केला तरी चालणारा, बॅटरीवरचा नवा फ्रिज मागवला.

"मूळ फ्रिज चालू असताना काढतोयस?" डेटलेफनं विचारलं.

"काढतोय."

"मंडळात काय सांगू?"

"तू राहू दे. मागच्या साली मी ज्या माणसाला बोललो होतो, त्याच्यासमोर मीच सांगतो."

नव्या फ्रिजचा शेवटचा स्क्रू पिळत असताना रोस्विटा दारात येऊन उभी राहिली.

"जुना चालायला लागला होता ना?"

"लागला होता."

"मग?"

"तो माझं बरोबर असेल तेव्हाच चालतो," ऑटमार म्हणाला.

ती घरात गेली, बहिणीला फोन लावला, आणि स्टेशनवर यायची गरज नाही असं सांगितलं.