पेणच्या साच्यातला बंपर

आखातातून कायमचे परत आलेले लोक आमच्याकडे घरावर मजला चढवतात, नाहीतर टेम्पो घेतात. आमच्या शेजारच्या चाचांनी लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली.

तीही न चालणारी. कधीकाळी आपल्याकडेच बनलेली, दोन माणसांची, टप नसलेली, फायबरच्या अंगाची गाडी. कुणाच्या तरी फार्महाउसवर ताडपत्रीखाली पडून होती. टेम्पोवर चढून ती आमच्या आळीत आली तेव्हा पुढच्या बंपरचे तुकडे सीटवर रचून ठेवले होते आणि स्टिअरिंगखाली उंदरांनी संसार मांडला होता. आळीतल्या बायका बघायला आल्या आणि एवढी बुटकी गाडी घेऊन काय करणार, असं तोंडावर विचारून गेल्या. चाचा नुसते हसत उभे होते.

मी डोलवीच्या कंपनीत फिटर आहे. शिफ्ट संपवून घरी आल्यावर पान्याला हात लावायचा नाही असं बायकोला कबूल केलं होतं आणि ते बऱ्यापैकी पाळतही होतो. पण शेजारच्या अंगणात कुणीतरी चुकीच्या मापाचा पाना लावून बोल्टची डोकी गोल करतंय, हे मला बघवत नाही. माझं डोकंच फिरतं. एकदोनदा कुंपणावरून सांगून पाहिलं, मग सरळ कुंपण ओलांडलं. जेवायला तरी घरी येणार का, एवढंच बायकोने मागून विचारलं.

त्या गाडीचं सोंग मोठं असलं तरी इंजिन साध्या घरगुती गाडीचंच होतं. त्यामुळे प्लग, फिल्टर, पंख्याचा पट्टा, क्लचची केबल हे सगळं पेणमध्येच मिळालं. ब्रेकची रबरं बदलली, रेडिएटर उतरवून धुऊन घेतला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नव्याने ओढल्या. स्प्रिंगखाली पट्ट्या घालून गाडी थोडी उचललीही, नाहीतर आळीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरच ती झोपली असती. चाचांना सायलेन्सर मोठ्या आवाजाचा हवा होता. मी नाही म्हटलं. पूर्ण संध्याकाळ ते माझ्याशी बोलले नाहीत, पण चहा मात्र पाठवला.

एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. दिवसभरात काम कितीही होवो किंवा न होवो, संध्याकाळी चाचा गाडी धुवायचे. इंजिन खाली काढून ठेवलेलं असलं तरी धुवायचे. कापडाची घडी घालायची, वरून खाली यायचं, दाराच्या कडा, आरशाची मान, चाकाच्या आतली बाजू, जिथे म्हणून बोट जाईल तिथे कापड घालून फिरवायचं. एकदा मी चिडवलं, की चाचा, ही अजून अंगणाबाहेर पडली नाही, हिला धूळ लागली तरी कुठून?

ते बादलीपाशी बसले आणि मग सगळं बोलले. तिकडे त्यांनी इतकी वर्षं हेच काम केलं होतं. मोठाल्या इमारतींच्या खालच्या मजल्यावर, मालक उठायच्या आत, दुसऱ्यांच्या गाड्या धुवायच्या. गाडी चालवता येत नव्हती असं नाही, जाण्याआधी ते पेण-रोहा टेम्पो चालवत. पण तिकडे स्टिअरिंगला हात लावायची वेळ आली नाही. आणि रोह्याला असलेल्या आपल्या मोठ्या बहिणीला, आपांना, त्यांनी सांगितलं होतं की मी इथे एका बड्या माणसाच्या स्पोर्ट्स कार चालवतो. आईबाप लवकर गेलेले, आपांनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. फोनवर आपा विचारायच्या, आज कुठली चालवलीस? चाचा त्या दिवशी धुतलेल्या गाडीचं नाव सांगायचे.

आता आपांचा तिकडेच आखातात असलेला मुलगा त्यांना आपल्या घरी कायमचं राहायला नेणार होता. तिथे गावचे, नात्यातले पुष्कळ लोक होते. कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ते निघणारच होतं.

"दुसऱ्याकडून कळायच्या आदी मलाच सांगायचंय तिला," चाचा म्हणाले. "पण पयलं एकदा बाजूला बसवून चालवायची हाय. मग सांगतो."

त्या दिवसापासून ती गाडी माझीही झाली. कंपनीत जेवणाच्या सुट्टीतही माझ्या डोक्यात तीच असायची.

अडलं ते बंपरवर. इंजिनाचे सुटे भाग मिळत होते, पण त्या गाडीचं अंग कुठेच मिळत नव्हतं. चौकशी करून थकलो तेव्हा बायको म्हणाली, पेणमध्ये राहून साचा कोण काढणार म्हणून रडताय? मला स्वतःचाच राग आला. आमच्या गावात निम्मे लोक गणपती घडवतात, आणि मी मुंबईला फोन लावत बसलो होतो.

गणपती होऊन गेले होते, कारखान्यात हाताला उसंत होती. ओळखीचे मूर्तिकार फायबरच्याही मूर्ती करायचे. मी तुकडे चिकटवून बंपर उभा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि हे तर मखराच्या कमानीपेक्षा सोपं, म्हणाले. साचा काढला, आत फायबरचे थर आणि रेझिन बसवलं, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासून काच केली आणि रंग दिला. हातात आला तेव्हा मी बघतच राहिलो. मूळ गाडी त्याच्यापुढे जुनी दिसायला लागली. बंपरमधल्या जाळीच्या फटी तर इतक्या काळ्याभोर आणि खोल दिसत होत्या, की मूर्तीचे डोळे आखणारा हात त्यांच्यावर फिरलाय हे कळत होतं. मूर्तिकारही खूश होते. आमच्याकडून खोट असलेली वस्तू बाहेर जात नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली.

बंपर बसवला तो शनिवारी. आपा सोमवारी निघणार होत्या. त्यामुळे गाडी आळीत फिरवून, बाजारापर्यंत नेऊन आणली आणि झालं म्हटलं. रविवारी सकाळी चाचा इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी, पायांत पान्यांची पिशवी.

वडखळपर्यंत मी खुशीत होतो. ट्रकवाले खाली वाकून बघत होते, आणि आम्हाला ट्रकची फक्त चाकं दिसत होती. हायवेच्या खड्ड्यांतून चाचा गाडी अशी काढत होते की जणू ती दुधाने भरलेली आहे. नागोठण्यापाशी मला तापमानाचा काटा जरा वर दिसला. ऑक्टोबरचं ऊन, म्हणून मी गप्प राहिलो. रोह्याकडे वळून भिसे खिंडीच्या चढाला लागलो आणि काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेटच्या कडांतून वाफ आली. गाडी कडेला घेतली.

मी इंजिनावर तुटून पडलो. पट्टा ठीक, नळ्या ठीक, पंखा फिरतोय, पाणी कुठे गळत नाही. प्रत्येक जोड माझ्या हातचा, आणि प्रत्येक जोड मला निर्दोष असल्याचं सांगत होता. मी थर्मोस्टॅटला शिव्या दिल्या, पंप बनवणाऱ्याला दिल्या, थोड्या चाचांनाही दिल्या असतील. चाचा रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मग म्हणाले की आपा जेवण करून ठेवणार, निरोप द्यायला हवा. तो आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. आज नाही पोचलो तर त्यांना पुन्हा संधी नव्हती, आणि गाडीची सगळी जबाबदारी मी घेतली होती.

हात रिकामे राहवेनात म्हणून चाचांनी कापड काढलं आणि गाडीवरची धूळ पुसायला घेतली. वरून खाली, नेहमीसारखी. बंपरपर्यंत आले आणि थांबले.

"अरे," ते म्हणाले, "कापड आत जात नाय."

मी दुर्लक्ष केलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, की जगातल्या कुठल्याही गाडीच्या जाळीत कापड घातलं की बोट आत जातं, हिच्या जात नाही. मी खाली वाकलो, फटीत बोट घातलं आणि बोट टणकन आपटलं. तिथे फट नव्हतीच. मूर्तिकारांनी सगळ्या फटी लांबी भरून बुजवल्या होत्या आणि त्यांच्या जागी काळ्या रंगाने फटी रंगवल्या होत्या, सावल्यांसकट. भोक असलेली मूर्ती कुणी घरी नेत नाही, मग बंपर तरी भोकांचा कसा द्यायचा? बिचाऱ्यांनी खोट काढून दिली होती, आणि रेडिएटरला हवा जायची वाट बंद झाली होती.

मी खिंडीत रस्त्यावर बसून हसलो. चाचाही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी हातोडी काढली, तर त्यांनी माझा हात धरला. एवढं देखणं काम फोडायचं नाही, म्हणाले. मग बंपर सोडवला, इंजिन निवू दिलं, चढावरच्या टपरीतून पाणी आणून भरलं, आणि निघालो. बंपर ठेवायला जागा नव्हती. तो मी मांडीवर आडवा धरला, दोन्ही टोकं गाडीच्या बाहेर. काटा आज्ञाधारक पोरासारखा खाली बसला. रोह्यात शिरलो तेव्हा लोकांना वाटलं असेल की गाडीला पुढचे दात नाहीत आणि शेजारच्या माणसाने ते काढून हातात धरलेत.

आपा दारातच उभ्या होत्या. मागे पडवीत बॅगा बांधून ठेवलेल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, एवढ्या खाली माणूस बसणार कसा म्हणून कुरकुर केली, आणि माझ्या खांद्याला धरून माझ्या जागेवर बसल्या. मी बंपर घेऊन अंगणात उभा राहिलो. चाचांनी किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोर बघत राहिले. आधी चालवणार, मग सांगणार असं ठरलं होतं, पण त्यांना ते जमलं नाही.

"आपा," ते म्हणाले, "तिकडं मी चालवत नव्हतो गो. धुवायचो."

आपांनी पदर डोक्यावरून घेऊन गळ्याशी घट्ट बांधला.

"सुट्टीवर यायचास तवा हात बगितले नाय का मी तुझे?" त्या म्हणाल्या. "साबणानं फाटलेले. चल, सुरू कर आता."

गाडी सुरू झाली. दोघं नदीकडच्या रस्त्याने गेली ती बराच वेळ आलीच नाहीत. मला काळजी वाटायला लागली, पुन्हा तापली की काय. मग आवाज आला. आपांचा पदर सुटून मागे उडत होता आणि जोरात घे, असं त्या सांगत होत्या, हे मला कोपऱ्यावरूनच ऐकू आलं. चाचांचा चेहरा मी एवढ्या दिवसांत तसा कधी पाहिला नव्हता. मला इतका आनंद झाला की बंपर खाली ठेवायचंही सुचलं नाही.

आपांना बाहेर काढायला आम्हा दोघांना ओढावं लागलं, मी बंपर काखेत धरून एका हाताने. त्या उभ्या राहिल्या आणि चाचांनी सवयीने सीटमागचं कापड काढून बॉनेटवरची धूळ पुसायला सुरुवात केली. आपांनी ते कापड त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आज तू चालवलीस," त्या म्हणाल्या. "पुसंल दुसरा कुणीतरी."

आणि कापड माझ्यापुढे धरलं. मी बंपर पडवीत, त्यांच्या बॅगांपाशी उभा केला आणि मुकाट्याने गाडी पुसायला घेतली, वरून खाली.