धायटीच्या उतारावर

लग्न होऊन मी पांढुर्ण्याहून सौसरकडच्या डोंगराला टेकलेल्या गावात आले. इथं होळीच्या सुमारास उतारावर धायटी फुलते. झुडपाच्या लांब फांद्या बारक्या लाल फुलांनी भरून जातात. सासू ती फुलं तोडून वाळवते. गावात कुणाला हगवण लागली की तिच्याकडेच येतात. लग्नानंतरच्या पहिल्याच होळीला तिनं मला सोबत नेलं.

सासूला जवळजवळ ऐकूच येत नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ती बोलणं ओळखते.

सकाळी फुलं तोडता तोडता ती थोडी वर सरकली. मी मान वर केली, तर तिच्या पाठीमागं वारुळापाशी अस्वल होतं. वारुळात तोंड घालून फुसफुसत माती उकरत होतं. तो आवाज मला स्पष्ट येत होता आणि ती निवांत फुलं तोडत होती.

ओरडले असते तर अस्वलानं ऐकलं असतं, तिनं नाही. एक खडा उचलून मी तिच्या पुढ्यात टाकला. तिनं वळून पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं, पण आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कुठं कळतं?

"काय झालं वं? इच्चू निघाला का?"

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. मी हातानं खाली बसायची खूण केली. ती काही न विचारता बसली आणि त्याच क्षणी ते धावून आलं. फांद्या कडाकडा मोडल्या. मी डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा ते नाल्याकडे पळत होतं. सासू झुडपात आडवी पडली होती, खांदा रक्तानं भिजला होता. तिला धरून मी खाली कसं आणलं, ते आजही आठवत नाही.

सौसरला टाके पडले. आता डोंगरावर कुणी जायचं नाही, असं नवऱ्यानं बजावलं. तरी पुढच्या होळीला सासूनं टोपली उचलली.

"तुले भेव वाटते तं तू घरीच राय," ती म्हणाली.

मी गेले. अजूनही जाते. तिच्या मागून चालताना मोठमोठ्यानं काहीबाही बोलत राहते, म्हणजे जनावर आधीच दूर जाईल. एकदा तिनं वळून माझं तोंड हलताना पाहिलं.

"कोनाशी बोलून राहिली वं?"

"तुमच्याशीच," मी म्हटलं.

ती हसून पुढं निघाली. मी पुन्हा बोलायला लागले. पण मधेच श्वास घ्यायला थांबले की कान वारुळांकडे लागतात.