रिलिव्हर आल्याशिवाय

माझ्या सासऱ्यांइतका न दमणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्यापायी माझ्याइतका दमलेला जावईही सापडायचा नाही. लोकांचे सासरे धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलावतात, अनारसे खाऊ घालतात, हातावर चांदीचं काहीतरी ठेवतात. माझ्या सासऱ्यांनी धोंड्याच्या महिन्यात मला पाटावर बसवलं, अनारसेही वाढले, आणि मग बास्केटबॉलने भरलेली एक भलीमोठी जाळी माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "जावईबापू, ही आता तुमची." ती जाळी नंतर अख्खा सीझन माझ्या उजव्या खांद्यावर होती. तो खांदा अजून डाव्यापेक्षा खाली आहे असं मला शर्ट घालताना वाटतं.

आता मूळ चूक कोणाची म्हणाल तर माझ्या उंचीची. मी इथल्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. आमचे खेळाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली गेली नाही, तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "तुम्ही उंच आहात. मुलांची बास्केटबॉलची टीम तुम्ही बघा." मी आयुष्यात बॉलला हात लावलेला नव्हता. घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो, तर बायकोचे डोळे चमकले. "बाबांना घ्या ना बरोबर!" सासरे एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते आणि तिथल्या कॉलनीच्या कोर्टावर केस पांढरे होईपर्यंत बास्केटबॉल खेळले होते. निवृत्ती झाली, पाठोपाठ सासूबाई गेल्या, आणि ते आमच्याकडे राहायला आले. आल्यापासून दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या विजेच्या डीपीकडे बघत असायचे. बोलणं जवळपास थांबलंच होतं. कधीमधी "आज जरा जास्त गुणगुणतोय" एवढंच म्हणायचे, तेही डीपीबद्दल. "त्यांना काहीतरी काम द्या हो," बायको म्हणाली, "नाहीतर ते त्या डीपीशीच बोलायला लागतील."

काम दिलं, आणि माझी झोप गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच म्हातारा पांढरे बूट घालून दारात हजर. कोर्टावर गेल्या गेल्या त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि बास्केटबॉल म्हणजे वीजनिर्मितीच आहे असं समजावून सांगितलं. धावायचं म्हणजे लोड घ्यायचा. दम लागून खाली बसला तो ट्रिप झाला. खेळणारे पाच म्हणजे वीज बनवणारे पाच संच, आणि त्यांचा मुख्य सिद्धान्त असा की चालू संच कधी बंद करायचा नसतो, कारण थंड संच पुन्हा तापवायला फार त्रास पडतो. त्यामुळे एकदा उतरलेले पाच जण शेवटपर्यंत तेच. खेळाडू बदलणं त्यांना मान्यच नव्हतं. तीन क्वार्टर आमची पोरं वाघासारखी खेळायची आणि चौथ्या क्वार्टरला गुडघ्यावर हात ठेवून समोरच्यांची बास्केटं मोजायची. बाकावर चांदवडचा सोमनाथ नावाचा एक दणकट गडी होता. तो दर मॅचला विनवायचा, "सर, मला उतरवा ना. बसून बसून पाय आखडले राव!" त्यावर सासरे गंभीरपणे सांगायचे, "तू स्टँडबाय आहेस. स्टँडबायला मोठा मान असतो." सोमनाथ माझ्याकडे बघायचा. मी बाटल्या भरायला जायचो.

बरं, माझ्या हातून काही चुकलं तर मला बोलायची सोय नव्हती. जावयाला बोलायचं नसतं ना! मग ते लेकीला सांगायचे आणि लेक मला पोळी वाढता वाढता ऐकवायची. "बाबा म्हणत होते, मॅनेजरने पाण्याच्या बाटल्या उन्हात ठेवल्या." हे चालू असताना बाबा गॅलरीच्या दारातच बसलेले असायचे. मीही पोळीकडे बघत म्हणायचो, "बाबांना सांग, सावली त्यांनीच अडवली होती." मग ती गॅलरीकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा म्हणायची. असा आमचा संवाद चालायचा, आणि तिघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पण त्यांची सगळ्यात अवघड सवय वेगळीच. रिलिव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. कंट्रोल रूममध्ये पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन समोर उभा राहिला की मगच उठायचं, हा तिथला नियम. एकदा गोदावरीला पूर आला, रस्ता बंद झाला, तर हे पठ्ठे शिफ्टमागून शिफ्ट तिथेच बसून राहिले होते. सासूबाईंनी निरोपावर निरोप धाडले, त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "तो निघालाय म्हणे. येईलच." निवृत्तीनंतर खुर्ची गेली, नियम राहिला. कटिंग झाली तरी हे सलूनच्या खुर्चीतून उठायचे नाहीत, पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत आरशात बघत बसायचे. सलूनवाला बिचारा दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावर गिऱ्हाईक शोधायचा. लग्नाच्या पंगतीत हात वाळले तरी पाटाला चिकटून बसणार. एकदा मीच वैतागून रिकाम्या पोटी असल्याचं सोंग केलं आणि त्यांच्या जागेवर दुसऱ्यांदा जेवलो.

आणि मग दिवाळीच्या आधी प्राचार्यांनी मला बोलावलं. "हे बघा, संस्थेचं ठरलंय. यंदा एक तरी मॅच जिंका. नाहीतर पुढच्या वर्षी टीम बंद, आणि कोर्टावर टू-व्हीलरचं पार्किंग. पोरं गाड्या रस्त्यावर लावतात, लोकांच्या तक्रारी येतात." मी घरी येऊन सांगितलं. सासरे म्हणाले, "एकच ना? होऊन जाईल." आणि गॅलरीत गेले. बायको स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "टीम गेली तर बाबा परत त्या खुर्चीत बसतील. मला नाही बघवणार हो आता." मला तरी कुठे बघवणार होतं? कंटाळा कितीही केला तरी कोर्टावर शिट्टी फुंकणारा तो माणूस आणि डीपीकडे बघणारा तो माणूस एकच आहे, हे मी रोज बघत होतो.

पण जिंकायचं म्हणजे खायचं काम आहे का! सिन्नरला हरलो, ओझरला हरलो, निफाडला तर असे हरलो की तिथल्या शिपायानेसुद्धा आमची समजूत काढली. परतताना क्रूझरमध्ये पोरं एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली, घामाच्या मोज्यांचा वास, माझ्या मांडीवर ती जाळी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी सासरे ताजेतवाने. मागे वळून म्हणायचे, "आज चौथा क्वार्टर जरा बरा टिकला, नाही?" मी डोळे मिटून झोपल्याचं नाटक करायचो. करता करता खरंच झोपायचो.

शेवटची मॅच आमच्याच कोर्टावर होती, मालेगावकडच्या एका कॉलेजशी. सकाळी आम्ही तयार, पंच तयार, समोरची टीम मात्र बेपत्ता. मी त्यांच्या सरांना फोन लावला. पलीकडून गलका, हॉर्न आणि त्यांचा रडवेला आवाज, "सर, चांदवडले रास्ता रोको शे! कांद्याच्या भावासाठी बसलेत सगळे. गाडी जागची हालत नाही." खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. ठरलेल्या वेळेनंतर टीम थोडा वेळही आली नाही की पंच वॉकओव्हर देतात, आणि वॉकओव्हर म्हणजे विजय! कागदोपत्री स्वच्छ विजय! कॅप्टन म्हणाला, "सर, म्हणजे जिंकलोच ना आपण?" मी म्हटलं, "जिंकलोच समज." सोमनाथ म्हणाला, "आमच्या चांदवडनेच वाचवलं बघा!" मी बायकोला तसा मेसेजही टाकून दिला. तिचा लगेच उलटा मेसेज, "बाबांना सांगा, श्रीखंड करते."

सासऱ्यांनी माझ्याकडून त्या सरांचा नंबर मागून घेतला, झाडाखाली जाऊन फोनवर काहीतरी बोलले आणि परत येऊन पंचांच्या खांद्यावर हात टाकला. "चला साहेब, आमच्या कॅन्टीनची मिसळ खाऊन बघा." मला त्यांचं कौतुक वाटलं. म्हटलं, म्हातारा हुशार निघाला, पंचांना खूश ठेवतोय. पंच खाण्याचे शौकीन होते. मिसळ झाली, वर रस्सा झाला, पुन्हा तर्री, पुन्हा पाव, पापड, दही. पंच घड्याळाकडे बघायला लागले की सासरे ओरडायचे, "अरे, साहेबांना जिलबी आणा!" जिलबीनंतर ताक. ताकानंतर पंचांनी बाकावरच पाठ टेकली. वॉकओव्हरची वेळ होऊन गेली तरी सही काही होईना. मी दोनदा जाऊन खोकून आलो. सासरे म्हणाले, "जेवत्या माणसाला उठवू नये, जावईबापू."

आणि तेवढ्यात गेटातून धुळीने माखलेली एक गाडी आत आली. त्यातून अवघडलेली पोरं एकेक करून उतरली आणि त्यांच्या सरांनी धावत येऊन सासऱ्यांचे दोन्ही हात धरले. "बाबा, तुम्ही सांगितलं तसंच आलो. मागे वळून लासलगाववरून, निफाडवरून. नाहीतर अजून चांदवडलेच असतो!"

माझ्या खांद्यावरची जाळी खाली पडली. बॉल चारी दिशांना गेले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी मध्ये बायकोला न घालता त्यांना बोललो. "बाबा, काय केलंत हे? हातात आलेली मॅच! टीम जाईल, कोर्ट जाईल!"

ते शांतपणे म्हणाले, "ते निघालेत म्हणाले हो. निघालेत म्हटल्यावर आपण उठून कसं जायचं?"

त्यांनी आधी त्या पोरांना पाणी दिलं, पाय मोकळे करायला लावले, मग पंचांना उठवलं. आणि आमची पोरं त्या दिवशी काय खेळली म्हणून सांगू! तीन क्वार्टर आम्ही पुढे. चौथ्यात नेहमीसारखी धाप लागली, कॅप्टनच्या पोटरीत गोळा आला, तो खाली बसला. सासरे त्याला हात देऊन बाहेर घेऊन आले आणि मग बाकाकडे वळून म्हणाले, "सोमनाथ, ऊठ." थंड संच पहिल्यांदा कोर्टात उतरला आणि त्याने आल्या आल्या बास्केट केली. मी जाळीबिळी विसरून नाचलो. आम्ही एका गुणाने पुढे होतो, शिट्टी वाजणारच होती, तेवढ्यात त्यांच्या एका उंच पोराने उडी घेतली, आणि संपलं. आम्ही एका गुणाने हरलो. आमची पोरं कोर्टावर आडवी पडली. सासरे उभे राहून दोन्ही टीमसाठी टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी श्रीखंड तयार होतं. ताटावर बसल्यावर सासऱ्यांनी माझ्याकडेच बघून विचारलं, "चिडलात ना?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि लेकीला म्हणाले, "त्यांना अजून वाढ."

संस्थेने दिलेला शब्द पाळला. कोर्टावर आता पिवळे पट्टे मारलेत आणि टू-व्हीलर लागतात. एक रिंग तेवढी काढायची राहिली आहे, तिच्याखाली प्राचार्यांची स्कूटर असते. माझी गाडी मी अजून बाहेर रस्त्यावरच लावतो. कोणी विचारलं तर आत जागा नव्हती असं सांगतो. संध्याकाळी त्या तापलेल्या सीटवर बसून घरी येतो, तेव्हा सासरे गॅलरीतल्या खुर्चीत डीपीसमोर बसलेले असतात. आत ताटं वाढलेली असतात, बायको हाका मारून थकलेली असते, आणि त्यांचं उत्तर मला जिन्यातूनच ऐकू येतं, "येतो गं. जावईबापू निघालेत. त्यांना येऊ दे." मी दमलेला असतो, पण बूटही न काढता सरळ गॅलरीत जाऊन त्यांच्यासमोर उभा राहतो. मग ते उठतात, आणि मी त्या खुर्चीत बसतो.